माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन व औषधोपचाराचा खर्च : मागणी कशी करावी?

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे वारकरी संप्रदायाचे एक मोठे श्रद्धास्थान होय. संत नगद नारायण महाराजांच्या या गडाला भाविक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. एकादशीला आसपासच्या गावांतून दर्शनासाठी जी गर्दी लोटते, तीत पांढरे धोतर, डोक्याला फेटा आणि गळ्यात तुळशीची माळ अशा वेषातील एखादा वृद्ध इतरांपेक्षा किंचित ताठ चालताना दिसतो. विचारपूस केली म्हणजे तो पायदळात किंवा तोफखान्यात पंधरा-वीस वर्षे नोकरी करून आलेला आहे, असे कळते. घरी त्याची चार-पाच एकर कोरडवाहू जमीन असते, एखादी म्हैस असते आणि महिन्याच्या अखेरीस बँकेत जमा होणारे निवृत्तिवेतन असते. ते निवृत्तिवेतन एखाद्या महिन्यात आले नाही, तर मात्र नेमके कोणाला विचारावे हे त्याला गावात कोणी सांगू शकत नाही.

ही अडचण या भागाची विशेष अडचण आहे, आणि तिला इतिहास आहे. सातारा, कोल्हापूर किंवा कोकणच्या पट्ट्यात फौजेत जाण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला तर ‘मिलिटरी अपशिंगे’ असेच नाव पडले आहे. अशा गावात पेन्शनच्या कागदाची माहिती घरोघरी असते. एकाचे अडले तर शेजारचा सुभेदार त्याला वाट दाखवितो. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथील तरुण भारतीय सैन्यात मोठ्या संख्येने जाऊ लागले ते त्यानंतरच्या काळात. साहजिकच नारायणगडाच्या परिसरातील बऱ्याच गावांत माजी सैनिक विरळ आहेत, आणि अनुभवाचा जो साठा गावच्या पारावर सहज मिळायला हवा तो येथे मिळत नाही. परिणामी हक्क असूनही लाभ लांबतो, आणि तो बहुधा एखाद्या नावातील अक्षरामुळे किंवा वेळेवर न दिलेल्या सूचनेमुळे लांबतो.

कागदाचा प्रवास

सैनिकी निवृत्तिवेतनाशी तहसील कार्यालयाचा संबंध नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. निराधारांचे अनुदान तहसीलमधून मिळते म्हणून सैनिकाची विधवाही तेथेच खेपा घालते, असे अनेकदा घडते. सैनिकाच्या नोकरीची मूळ नोंद त्याच्या रेजिमेंटच्या किंवा दलाच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, तोफखान्याचे नाशिक रोडला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, तर सिग्नल्सचे जबलपूरला आहे. या कार्यालयाने कागद तयार करून पाठविल्यावर प्रयागराज (पूर्वीचे अलाहाबाद) येथील संरक्षण लेखा विभागाचे प्रधान नियंत्रक निवृत्तिवेतन मंजूर करतात आणि पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘पी.पी.ओ.’, काढतात.

पूर्वी या आदेशावरून बँक रक्कम देत असे. अलीकडच्या काही वर्षांत हे काम ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेकडे आले असून जुन्या निवृत्तिवेतनधारकांची खातीही तिच्यात वर्ग करण्यात आली आहेत. रक्कम आता थेट खात्यात येते. म्हणून ‘पेन्शन का आली नाही’ या प्रश्नाचे उत्तर बँकेच्या खिडकीवर मिळेलच असे नाही; ते ‘स्पर्श’च्या सेवाकेंद्रावर किंवा नागरी सुविधा केंद्रात खाते उघडून पाहावे लागते.

या सर्व साखळीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बीड, यांचे स्थान मार्गदर्शकाचे आहे. निवृत्तिवेतन मंजूर करण्याचा अधिकार या कार्यालयास नाही. परंतु अर्ज कोणत्या नमुन्यात करावा, सोबत काय जोडावे, तो बेळगावला पाठवावा की सागरला, हे तेथे सांगितले जाते व पत्रव्यवहारही करून दिला जातो. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यास असून जिल्ह्याजिल्ह्यांतील ही कार्यालये त्याच्या अखत्यारीत चालतात.

नाव, जन्मतारीख आणि एक जून

सैन्यातील शिपाई ते सुभेदार मेजर या हुद्द्यांसाठी पूर्ण निवृत्तिवेतनास किमान पंधरा वर्षांची सेवा लागते. ही सेवा झालेल्या माणसाचे स्वतःचे निवृत्तिवेतन सहसा अडत नाही, कारण त्याचे कागद नोकरीतच तयार होतात. अडते ते त्याच्या पश्चात पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन.

त्याचे कारण आपल्या चालीरीतींत आहे. समजा, एखाद्या जवानाने 1978 साली रजेवर येऊन लग्न केले. पलटणीत परतल्यावर त्याने पत्नीचे नाव सांगितले ते माहेरचे. सासरी तिचे नाव बदलले होते. शिधापत्रिकेवर सासरचे नाव लागले, आधारपत्रात तेच आले, बँकेच्या खात्यावर आडनावाचे स्पेलिंग आणखी निराळे झाले. नवरा हयात असेपर्यंत या तीन नावांमुळे काहीच बिघडले नाही. तो वारल्यावर मात्र रेकॉर्ड ऑफिसच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या स्त्रिया ठरतात, आणि आपण एकच आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी शोकात असलेल्या, बहुधा निरक्षर असलेल्या बाईवर येऊन पडते. काही जुन्या पी.पी.ओ.मध्ये तर पत्नीचे नावच नाही. ते तेथे संयुक्त नोंद म्हणून चढवून घ्यावे लागते.

सैनिकाने स्वतः हयातीत हे काम केले तर ते तुलनेने सोपे असते. डिस्चार्ज बुक उघडून त्यातील पत्नीचे व मुलांचे नाव, जन्मतारीख आणि आधारपत्रावरील तपशील शेजारी ठेवून ताडून पाहावेत. फरक आढळल्यास दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे शपथपत्र, विवाहाचा पुरावा व ओळखपत्रांच्या साक्षांकित प्रती जोडून रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. तेथे ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते व त्यानुसार पी.पी.ओ.मध्ये दुरुस्ती होते. या कामास महिने लागतात. म्हणूनच ते आजारपणापूर्वी हाती घ्यावयाचे असते.

जन्मतारखेचे प्रकरण असेच. खेडेगावात ज्यांची जन्मनोंद नाही त्यांना शाळेच्या गुरुजींनी एक जून ही तारीख बहाल केली, आणि निम्मे गाव एकाच दिवशी जन्मले. शाळेत कधी न गेलेल्या स्त्रियांच्या वाट्याला तीही आली नाही. आता या तारखेला पैशाचे मोल आहे. वयाच्या ऐंशीव्या वर्षापासून मूळ निवृत्तिवेतनावर 20 टक्के वाढ मिळते. पंच्याऐंशीला ती 30, नव्वदीला 40, पंच्याण्णवला 50 आणि शंभरीला 100 टक्के होते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेसही हा नियम लागू आहे. ज्या आजीबाईंची जन्मतारीख अभिलेखात नोंदलेलीच नाही, त्यांना ऐंशी वर्षे केव्हा पुरी झाली हे यंत्राला कळत नाही, आणि वाढ लागत नाही. अशा वेळी वयाचा पुरावा सादर करून नोंद करून घ्यावी. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ योजनेचे तसे नाही. 1 जुलै 2014 पासून लागू झालेल्या व दर पाच वर्षांनी, म्हणजे 2019 आणि 2024 मध्ये, फेरनिश्चिती झालेल्या या योजनेसाठी निराळा अर्ज करावा लागत नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दाराबाहेरूनच परत पाठविणे बरे.

नोव्हेंबर महिना

निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याचा महिना नोव्हेंबर. ऐंशी वर्षांवरील वृद्धांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. दाखला न गेल्यास निवृत्तिवेतन थांबते. ते बुडत नाही, दाखला दिल्यावर थकबाकीसह मिळते. परंतु मधल्या महिन्यांत दुकानदाराची उधारी आणि औषधाची चिठ्ठी थांबत नाही.

बीड जिल्ह्यात नोव्हेंबरचा आणखी एक अर्थ आहे. दिवाळीच्या मागेपुढे येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. म्हातारी माणसे मागे राहतात. ज्या मुलाचा मोबाइल क्रमांक ‘स्पर्श’मध्ये नोंदविलेला असतो तो मुलगा कोयता घेऊन दोन-तीनशे किलोमीटरवर असतो, आणि सांकेतिक क्रमांक त्याच्या फोनवर येतो. ज्या घरांतून माणसे उसाला जातात, त्या घरातील निवृत्तिवेतनधारकाने मुले निघण्यापूर्वीच आपला मोबाइल क्रमांक स्वतःच्या किंवा गावात राहणाऱ्या जबाबदार माणसाच्या फोनवर नोंदवून घेणे इष्ट ठरेल.

दुसरी अडचण अंगठ्याची. ‘जीवन प्रमाण’ या 2014 साली सुरू झालेल्या पद्धतीत बोटाचा ठसा घेऊन घरबसल्या किंवा सुविधा केंद्रातून दाखला देता येतो. परंतु जन्मभर नांगर आणि खुरपे धरलेल्या हातांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात व यंत्र ठसा ओळखत नाही. अशांसाठी 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आहे. साध्या स्मार्टफोनवरही ती चालते.

अपंगत्वाचे निवृत्तिवेतन

सेवेत असताना जखम किंवा आजार होऊन जो जवान घरी पाठविला गेला, त्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी दोन गोष्टी लागतात : अपंगत्व किमान 20 टक्के असणे, आणि ते सैनिकी सेवेमुळे उद्‌भवलेले अथवा सेवेमुळे बळावलेले असणे. हे वैद्यकीय मंडळ ठरविते. नकार आल्यास बहुतेक जवान तो शेवटचा शब्द मानतात. वस्तुतः नकाराच्या पत्रातच अपिलाची मुदत दिलेली असते, आणि अपिलांनंतरही 2007 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक पीठ मुंबईस आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात असे स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर आजाराची नोंद नाही तो निरोगी अवस्थेत दाखल झाला असेच मानावयाचे, आणि नंतरचा आजार सेवेशी संबंधित नाही हे दाखविण्याची जबाबदारी शासनावर राहते. सप्टेंबर 2023 पासून सेवेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी नवे नियम आले आहेत; त्यापूर्वीच्या प्रकरणांना जुन्या नियमांची कसोटी लागते. वैद्यकीय मंडळाच्या कार्यवृत्ताची प्रत ज्याने जपून ठेवली, त्याची बाजू अपिलात निम्मी मांडून झाल्यासारखीच असते.

औषधोपचाराचा खर्च

माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘ई.सी.एच.एस.’ म्हणतात. त्या तारखेनंतर निवृत्त झालेल्यांना ती आपोआप लागू होते. त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांनी अर्ज करून सभासद व्हावयाचे आहे. मात्र 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना अंशदान भरावे लागत नाही. ही माफी माहीत नसल्यामुळे काही अतिवृद्ध सैनिक अद्याप योजनेबाहेर आहेत. जे योजनेत नाहीत त्यांना बाह्योपचारासाठी दरमहा 1,000 रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो. हा दर 1 जुलै 2017 पासूनचा आहे. भत्ता आणि सभासदत्व दोन्ही एकाच वेळी घेता येत नाही. सभासद झाल्यावर भत्ता बंद झाला की नाही हे पाहावे, नाहीतर पुढे एकरकमी वसुली निघते व ती निवृत्तिवेतनातून होते.

योजनेचा रिवाज असा की, रुग्णाने प्रथम पॉलिक्लिनिकमध्ये जावे, तेथील डॉक्टरने पत्र दिल्यावर मान्यताप्राप्त रुग्णालयात दाखल व्हावे, आणि तेथे पैसे भरावे लागू नयेत. रोजच्या आजारपणात हे ठीक चालते. परंतु मध्यरात्री पक्षाघाताचा झटका आला, तर गडाच्या पायथ्याच्या गावातून माणूस पॉलिक्लिनिकचा पत्ता शोधत जात नाही. घरचे त्याला जीपमध्ये घालून बीडला, जे पहिले रुग्णालय उघडे दिसेल तेथे नेतात, आणि तेच योग्य आहे. तातडीच्या वेळी मान्यता नसलेल्या रुग्णालयात उपचार घेतले तरी खर्चाची प्रतिपूर्ती मिळू शकते. अट एकच, आणि नेमकी तीच चुकते : दाखल केल्यापासून 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळविले पाहिजे. रुग्णाने स्वतः कळवावे असे नाही. मुलगा, सून, शेजारी कोणीही कळवू शकतो. कळविल्याचा लेखी पुरावा ठेवावा. त्यासाठी सभासदत्वाचे कार्ड आणि पॉलिक्लिनिकचा दूरध्वनी क्रमांक घरातील प्रत्येकाला सापडेल अशा जागी असला पाहिजे. तो देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवला तरी चालेल. कुलूपबंद पेटीतील कार्ड रात्री दोन वाजता कोणाच्या उपयोगी पडत नाही.

रुग्ण घरी आल्यावर कागद गोळा करण्यास बसण्यात अर्थ नसतो. रुग्णालयातून निघतानाच डॉक्टरकडून तातडीचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, मूळ देयक आणि त्याचा बाबवार तपशील मागून घ्यावा. खोलीभाडे किती, शस्त्रक्रियेचे किती, तपासण्यांचे किती, औषधांचे किती, हे स्वतंत्र दिसले पाहिजे. ‘एकूण औषधोपचार’ एवढाच शब्द व खाली मोठा आकडा असलेले देयक परत येते. औषधांच्या पावत्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जोडाव्यात. तपासणीच्या पावतीसोबत तिचा अहवाल असावा. मूळ कागद सादर करण्यापूर्वी सर्वांच्या छायाप्रती काढून घराच्या फाइलमध्ये ठेवाव्यात, कारण त्रुटीचे पत्र आले म्हणजे त्या प्रतींवरूनच उत्तर देता येते.

परत मिळणारी रक्कम रुग्णालयाच्या आकड्यावर ठरत नाही. शासनाने प्रत्येक उपचारास दर ठरवून दिले आहेत. समजा, देयक एक लाख रुपयांचे झाले व त्या उपचाराचा मान्य दर साठ हजार असला, तर साठ हजारच मिळतात. हे ठाऊक नसल्यामुळे ‘माझे चाळीस हजार कोणी खाल्ले’ अशी समजूत होते. तातडी नसलेल्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वपरवानगीशिवाय आपल्या पसंतीच्या रुग्णालयात जाणाऱ्याने तर काही मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

कुटुंबातील बदलही कळवावे लागतात. मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली किंवा त्याआधी नोकरी लागली, मुलीचे लग्न झाले, तर त्यांचे अवलंबित्व संपते व कार्ड परत करावयाचे असते. विवाहित मुलीच्या बाळंतपणाला जुने कार्ड वापरणे किंवा पुतण्याचा खर्च मुलाच्या नावावर दाखविणे, हे प्रेमापोटी केलेले असले तरी खोटे देयकच ठरते.

खोट्या कागदाची किंमत बीड जिल्ह्याला चांगली ठाऊक आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी या जिल्ह्यातून बनावट शपथपत्रे दाखल झाल्याच्या तक्रारी आल्या. साडेतीनशेच्या घरातील प्रकरणांची चौकशी निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्या आयोगाने केली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2005 साली दिलेल्या निकालात न्यायालयाने फसवणुकीने मिळविलेल्या लाभाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. त्याची झळ खोट्यांपुरती राहत नाही. अशी प्रकरणे उघडकीस आली म्हणजे खऱ्याखुऱ्या अर्जदाराच्या कागदाकडेही संशयाने पाहिले जाते, आणि ज्याने सीमेवरच्या कॅम्पात खरोखर दिवस काढले त्यालाही नव्याने पुरावा देत बसावे लागते.

ज्यांना निवृत्तिवेतनच नाही

पंधरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच काही कारणाने सैन्यातून मुक्त झालेले जवान हा एक उपेक्षित वर्ग आहे. आपल्याला पेन्शन नाही म्हणजे आपला सैनिक कल्याण कार्यालयाशी संबंध नाही, असे ते धरून चालतात. हा गैरसमज होय. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, निवृत्तिवेतन नसलेल्या व 65 वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून मासिक अर्थसाहाय्य मिळते. पूर्वी ते 4,000 रुपये होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून येणाऱ्या अर्जांसाठी ते 8,000 रुपये करण्यात आले आहे. हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार यांसारख्या गंभीर आजारांच्या खर्चासाठीही याच निधीतून मदत दिली जाते. अर्ज केंद्रीय सैनिक मंडळाकडे संगणकीय पद्धतीने करावयाचा असून तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या तपासणीने व शिफारशीने पुढे जातो. यासाठी माजी सैनिकाचे ओळखपत्र लागते, आणि ते डिस्चार्ज बुकावरून त्याच कार्यालयात मिळते. डिस्चार्ज बुक हरवले असल्यास पोलिसांत नोंद करून रेकॉर्ड ऑफिसकडे लिहावे. तेथे सेवा क्रमांक विचारला जातो. पुस्तक वाळवीने खाल्ले तरी हा क्रमांक बहुतेकांना पाठ असतो, आणि तो पत्नीला व मुलांनाही लिहून दिलेला असावा.

बीडच्या कार्यालयात जाऊन येण्यात गावच्या माणसाचा एक दिवस मोडतो. तो दिवस फुकट जाऊ नये म्हणून निघताना डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., आधारपत्र, पॅनकार्ड, बँकेचे पासबुक, पत्नीचे कागद आणि छायाचित्रे एका पिशवीत घ्यावीत, पत्नी चालती-फिरती असेल तर तिलाही बरोबर न्यावे, आणि मोबाइल फोन घरी विसरू नये.